नंदीची झूल, फेल्टची शीट आणि सहा पदरी दोरा

(हा आमच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "अं" आणि "तर काय" काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच आहे.)

आजचा भाग कानात हेडफोन आणि हातात सुई असताना ऐकायचा आहे. सुई नसेल तर नुसतं ऐका, पण शेवटपर्यंत हात शिवशिवले नाहीत तर मला कळवा.

भंडारा-पवनी रस्त्यावर अड्याळ नावाचं गाव आहे. पवनी तालुका, सगळा धानाचा पट्टा. तिथून कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिच्या परवानगीनं तिच्याच शब्दांत सांगते: "ताई, लहान भावाच्या नंदीले झूल शिवाची आहे. फेल्टची शीट आणली, रंगीत दोरे आणले. पण कैची लावाले भेव वाटते, वाया गेली तर? अन् शेजारच्या काकू म्हणतात, आमच्याबी पोराले एक करून दे, पन्नास रुपये देतो. घेऊ का?"

दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा, दुसरा अवघड. दोन्हींकडे येते, पण पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना आधी थोडी माहिती लागेल.

श्रावणातल्या अमावस्येला पोळा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो, तो तान्हा पोळा. खऱ्या बैलांच्या जागी लाकडी नंदी. काहींना खाली चाकं असतात, दोरी लावून ओढायचे. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर माणसाच्या उंचीला भिडणारे लाकडी नंदी निघतात. पण गावोगाव बघाल तर नंदी बहुतेक वीत-दीड वीत लांबीचा. पोरं तो सजवतात, पोळ्यात उभा करतात, मग घरोघर नेतात. प्रत्येक घरी बोजारा मिळतो, म्हणजे पैसे, कधी खाऊ. कुठे कुठे सजावटीला बक्षीसही असतं. तेव्हा नंदीची झूल कशी आहे हा त्या दिवशी सहा वर्षांच्या माणसासाठी अत्यंत गंभीर विषय असतो. हसू नका. तुम्ही प्रोफाइल फोटो बदलायला किती वेळ लावता ते आठवा.

खऱ्या बैलाची झूल मोठी. पाठीवरून दोन्ही बाजूंनी लोंबणारी, कशिदा, आरसे, गोंडे लावलेली. डोक्याला मटाट्या, गळ्यात घुंगुरमाळ, शिंगांना बेगड. लाकडी नंदीला हेच सगळं हवं असतं, फक्त दहापट लहान. आणि साधं सुती कापड घेऊन एवढी लहान झूल शिवायला बसलं की पहिली अडचण येते ती कडेची. कापड कापलं की धागे सुटतात. ते सुटू नयेत म्हणून कड दोनदा दुमडायची. बारा सेंटिमीटरच्या तुकड्यात चारही बाजूंनी कड दुमडली की कोपरे जाड होतात आणि झूल नंदीवर पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. नवशिक्याचा धीर इथेच सुटतो.

फेल्टला ही अडचणच नाही, कारण फेल्ट विणलेलं नसतं. त्यात उभा धागा नाही, आडवा धागा नाही. सुटायला काही नाहीच!

मूळ फेल्ट लोकरीचं. मेंढीचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर बारीक खवले दिसतात, आपल्याकडच्या घरावर कवेलू एकावर एक बसवतात तसे. लोकरीला गरम पाणी आणि साबण लागला की हे खवले उघडतात. मग ती चोळली, दाबली, गुंडाळून लाटली की केस एकमेकांत सरकतात, पण खवल्यांमुळे परत मागे येऊ शकत नाहीत. एकदा अडकले ते अडकले. काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा असाच बनतो. जुन्या मराठीत अशा जाड, दाबून केलेल्या लोकरी कापडाला बुरणूस म्हणत. आपली घोंगडी मात्र यातली नाही. ती मागावर विणतात, मग चिंचोक्याची खळ देतात. दोघी लोकरीच्या, पण चुलत बहिणी.

स्टेशनरीच्या दुकानात रंगीत शीट मिळते ती बहुतेक वेळा लोकर नसते. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचे तंतू असतात. त्यांना खवले नाहीत, म्हणून कारखान्यात काटेरी सुया त्या तंतूंच्या थरात हजारो वेळा खुपसून त्यांचा गुंता करतात. तत्त्व तेच, जबरदस्ती जास्त. झुलीला हे फेल्ट उत्तम चालतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. गरम इस्त्री लावलीत तर ते आकसतं किंवा वितळतं. आणि हातानं ताणलंत तर लांबतं, मग परत जागेवर येत नाही.

कुणाला खरी लोकर हवी असेल तर एक युक्ती. घरात विटलेलं, भोकं पडलेलं लोकरीचं स्वेटर असेल तर गरम पाण्यात साबण घालून ते जोरात चोळा. खूप चोळा. ते आकसून जाड होतं, आणि वाळल्यावर कापलं तर कड सुटत नाही. घरच्या घरी फेल्ट! पण स्वेटर खऱ्या लोकरीचं हवं. ओळखायचं कसं? त्याचा एक धागा चिमट्यात धरून ताटावर जाळून बघा, मोठं माणूस जवळ असताना. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक, मग चोळण्यात दम घालवू नका. आणि स्वेटर कुणाचं आहे ते आधी विचारा, एवढं सांगून मी मोकळी होते.

आता कैचीची भीती. अड्याळच्या ताई, भीती शीटची आहे ना? मग आधी शीट बाजूला ठेवा आणि वर्तमानपत्र घ्या. नंदीच्या पाठीवर कागद टाका. मानेच्या मागून शेपटीच्या आधीपर्यंत किती, आणि एका बाजूच्या पोटापासून पाठीवरून दुसऱ्या पोटापर्यंत किती, एवढी दोनच मापं. समजा बारा सेंटिमीटर आणि अठरा सेंटिमीटर आली. कागदाचा तसा आयत कापा, नंदीवर घाला, लांबून बघा. लांब वाटली तर कागद कापा. चूक करायची ती कागदावर करून घ्या, रद्दी स्वस्त आहे.

आणि हिशेब बघा. ए-फोर आकाराची शीट साधारण २१ बाय २९.७ सेंटिमीटरची असते. त्यात १२ बाय १८ चे दोन तुकडे शेजारी शेजारी बसतात, वर पावणेसहा सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी उरते. एक तुकडा वरचा, एक खालचा, पट्टीतून मटाटी. म्हणजे वरचा तुकडा बिघडला तर तो खाली घाला आणि खालचा वर घ्या. वाया काय जाणार आहे?

कापताना कैची धारदार हवी. घरात जी कैची दुधाच्या पिशव्या कापते ती नको. पात्यांच्या टोकानं कचकच न करता, पातं पूर्ण उघडून एक लांब काप घ्या. वळणावर कैची स्थिर ठेवून फेल्ट फिरवा. गडद रंगावर पेनची रेघ दिसत नाही, तिथे अंघोळीच्या साबणाची वाळलेली चकती वापरा. शिंपी हेच करतात, आणि रेघ नंतर पुसली जाते.

दोऱ्याबद्दल एकच गोष्ट माहीत नसते आणि तिच्यामुळे निम्मे लोक भरतकाम सोडतात. भरतकामाच्या लडीतला दोरा सहा पदरी असतो, आणि तो सहाच्या सहा पदर वापरण्यासाठी नसतो. हातभर दोरा कापा, टोकाला एक एक पदर चिमटीत धरून सरळ वर ओढा. बाकीचे खाली गोळा होतात, घाबरू नका, झटकले की सरळ होतात. असे दोन पदर एकत्र करून सुईत ओवा. सहाही पदर ओवायला गेलात तर सुई अडकते, फेल्टला भोक पडतं, दोरा पिंजतो आणि मग आपण म्हणतो की हे आपलं काम नाही. बाजारातल्या नेहमीच्या लडीत आठ मीटर दोरा असतो. दोन-दोन पदर केले की तो चोवीस मीटर होतो. एका लडीत पोळ्यातले बरेच नंदी निघतील.

दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको. लांब घेतला की सारखा ओवावा लागत नाही हे खरं, पण तो गुंततो, आणि गुंता सोडवायला दहा वेळा ओवण्याइतका वेळ जातो.

आता नक्षी. मोराचा फोटो शोधायला इंटरनेटवर जाऊ नका, अर्धा तास जाईल. भंडारा जिल्ह्यात बसून नक्षी बाहेरून कशाला आणायची? ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवणारी ढिवर कुटुंबं या भागातली, तो विणणारे कोष्टी विणकर मोहाडी-आंधळगावकडचे. त्यांची करवतकाठी साडी, जिला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिची काठ बघा. करवतीच्या दातांसारखे एकसारखे त्रिकोण. मागावर ते दात काढायला तीन धोटे चालवावे लागतात, काठाचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि दोन रंग प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवावे लागतात. आपल्याला सुईनं फक्त तिरके सरळ टाके घालायचेत, एक वर, एक खाली. पट्टीनं दर सेंटिमीटरला खूण करा. वरच्या तुकड्यावर कडेपासून एक सेंटिमीटर आत हे दात चारी बाजूंनी घाला. पिवळ्या फेल्टवर लाल दात काढून बघा. पाच फुटांवरून दिसतात, आणि पोळ्यात नंदी पाच फुटांवरूनच बघतात.

मधोमध नंदीचं नाव.

इथे देवनागरी आपल्या मदतीला येते. रोमन अक्षरं सुईनं काढताना प्रत्येक अक्षर वेगळं तरंगतं, ओळ वाकडी होते. आपल्याकडे शिरोरेषा आहे. आधी ती काढा, उलट्या टिपेनं, सरळ, पट्टी लावून. मग अक्षरं तिला टांगा, दोरीवर कपडे वाळत घालतो तशी. "राजा" सर्वांत सोपं नाव, दोन काने म्हणजे दोन उभे टाके फुकट मिळाले. "सर्जा" घेतलंत तर रफार छळतो. तो एका सुट्या साखळी टाक्यानं काढा, पाकळीसारखा, वर अडकवून टाका. आणि "नंदी"मधला अनुस्वार? सुईला दोरा दोनदा गुंडाळून गाठीचा टाका घाला. अनुस्वारासाठीच जन्माला आल्यासारखा बसतो. अक्षराची उंची दीड सेंटिमीटरच्या खाली नको, नाहीतर "ज"चं पोट भरून जातं आणि वाचणारा भलतंच वाचतो.

नाव झालं की खालचा तुकडा मागे लावा. त्यामुळे मागच्या सगळ्या गाठी आणि दोऱ्यांची सर्कस झाकली जाते. दोन्ही थर टाचणीनं जोडा आणि चारी बाजूंनी काजाचा टाका घाला. शाळेत ज्याला ब्लँकेट स्टिच म्हणतात तोच. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत सुई घाला, कडेबाहेर काढताना दोरा सुईच्या खालून घ्या, ओढा. ओढताना हात हलका. करकचून ओढलं की कड लाटेसारखी उठते. कोपऱ्यावर एकाच भोकात तीन टाके घाला, एक सरळ, एक तिरपा, एक सरळ.

किती वेळ लागेल? बारा आणि अठराच्या आयताची परिमिती साठ सेंटिमीटर. अर्ध्या सेंटिमीटरला एक टाका म्हणजे एकशे वीस टाके. हात बसलेल्या माणसाला एका टाक्याला दहा सेकंद, म्हणजे वीस मिनिटं. नवशिक्याला दुप्पट धरा. चाळीस मिनिटं, आपल्या पॉडकास्टचा साधारण एक भाग. भाग संपेल तेव्हा कड पूर्ण झालेली असेल.

याच मुद्द्यासाठी मी हा विषय घेतला. लहान वस्तूचा आनंद वेगळा का असतो? "क्यूट दिसते" हे उत्तर मला पुरत नाही. मला वाटतं, ती पूर्ण होते म्हणून. आपण रोज जे करतो त्यातलं बहुतेक पूर्ण होतच नाही. अभ्यास संपत नाही, रील्स संपत नाहीत, स्पर्धा परीक्षांचा सिलॅबस तर संपत नाही तो नाहीच. झूल संपते. शेवटची गाठ मारली, दोरा कापला, झालं. ती नंदीवर घालून बघता येते.

यावर एक प्रसिद्ध प्रयोगही आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिएली या तिघांनी लोकांना कागदाचे घडीचे पक्षी आणि बेडूक करायला लावले, फर्निचरचे खोके जोडायला लावले. २०१२ साली त्यांचा लेख आला आणि "आयकिया इफेक्ट" हे नाव रूढ झालं. लोक स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या बेडकाची किंमत जवळपास तज्ज्ञानं केलेल्या बेडकाइतकी लावत होते. सगळे इथवर सांगतात. पण त्याच लेखातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांचं काम अर्धवट राहिलं, किंवा ज्यांनी केलेलं मोडून टाकलं, त्यांच्यात ही ओढ दिसलीच नाही. नुसते कष्ट पुरत नाहीत, वस्तू हातात यावी लागते.

म्हणून पहिल्याच वेळी बेडशीटवर भरतकाम काढायला घेणाऱ्यांना मी हात जोडते. ती बेडशीट तीन वर्षं कपाटात पडून राहील आणि कपाट उघडलं की तुम्हाला अपराधी वाटेल. झूल करा. किल्लीला लावायचं आंब्याचं पान करा. इअरफोन ठेवायची पिशवी करा, तिला तर दोनच बाजू शिवायच्या. रात्री जेवल्यावर बसलात तर झोपायच्या आधी काहीतरी पूर्ण झालेलं असेल.

फेल्टच्या लहान वस्तूंचा हा नाद माणसाला नवा नाही. सायबेरियाच्या अल्ताई डोंगरात पाझिरिक नावाची जागा आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या घोडेस्वार टोळ्यांनी आपली माणसं मोठ्या दगडी ढिगाऱ्यांखाली पुरली, घोड्यांसकट. आत पाणी झिरपलं आणि गोठलं, म्हणून एरवी किडीनं खाल्लं असतं ते कापड बर्फात टिकलं. रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी १९४७ ते १९४९ मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यात काय मिळालं ऐका. घोड्याच्या खोगिरावर घालायची फेल्टची आच्छादनं, त्यावर वेगळ्या रंगाच्या फेल्टचे प्राणी कापून शिवलेले. म्हणजे जनावराच्या पाठीवरची झूलच की हो! आणि त्याबरोबर फेल्टचे हंस. शिवलेले, आत भरण भरलेले, छान गुबगुबीत. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. फोटो शोधून बघा, एखाद्या क्राफ्ट चॅनेलवर कालच टाकल्यासारखे दिसतात.

ते हंस कुणी शिवले असतील, बाईनं की पुरुषानं? माहीत नाही, आणि मला त्यावरून पुढच्या गोष्टीकडे यायचंय. दर वेळी सुईदोऱ्याचा विषय काढला की मुलांचे मेसेज कमी होतात. "हे पोरींचं काम." अरे, तुमच्या गावातला शिंपी कोण आहे? खोगिरं शिवणारे जिनगर कोण होते? मागावर बसणारे कोष्टी? तान्हा पोळ्यात नंदी घेऊन पोरगा मिरवणार, बोजारा खिशात घालणार, आणि झूल मात्र बहिणीनं रात्री जागून शिवायची, हा काय न्याय झाला? अड्याळच्या ताई, भाऊ सहा वर्षांचा असेल तरी साबणानं रेघ मारायला, टाचण्या हातात द्यायला, टिकल्या मोजायला तो पुरेसा मोठा आहे. आठ-नऊचा असेल तर धावदोरा घालू दे. वाकडा येईल. येऊ दे, नंदी त्याचा आहे.

आता दुसरा प्रश्न, पन्नास रुपयांचा.

काकूंचा राग नको. त्यांना बाजारात मशीनवर केलेल्या झुली दिसतात, तोच भाव डोक्यात असतो. पण तुम्ही स्वतःचा हिशेब कागदावर मांडा. समजा फेल्ट, दोऱ्याचा हिस्सा, टिकल्या मिळून चाळीस रुपयांचं सामान गेलं. पन्नासातून चाळीस गेले, उरले दहा. पहिल्या झुलीला कापणं, करवतीचे दात, नाव, कड, गोंडे असं सगळं धरून तीन तास लागले असतील. तीन तासांचे दहा रुपये.

तुलनेला एक आकडा देते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची ठरवून दिलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. हा काही फार मोठा भाव नाही. त्या भावानं तीन तासांचे ११७, अधिक सामानाचे ४०. झाले १५७.

पण दीडशे मागितले तर काकू म्हणतील, "बाई, एवढ्यात तर अख्खा नंदी येते." तेही बरोबर आहे. शिवाय पहिल्या झुलीला लागलेला वेळ हा शिकण्याचा वेळ, तो काकूंच्या माथी मारता येणार नाही. म्हणून दुसरी झूल करताना घड्याळ लावून बसा. माप तयार आहे, नक्षी ठरलेली आहे, हात बसलाय. बहुतेक दीड तासात होईल. दीड तासाचे ५८ आणि सामानाचे ४०, म्हणजे शंभराच्या आसपास. माझं म्हणणं एवढंच, शंभरच्या खाली विकायची नाही. शंभर सांगा, त्यात काकूंच्या पोराच्या नंदीचं नाव घालून देते म्हणा. मशीनच्या झुलीवर ते मिळत नाही.

काकू नाही म्हणाल्या तर? मग दोन रस्ते आहेत. प्रेमानं फुकट द्यायची असेल तर फुकट द्या, त्यात कमीपणा नाही, काकूंनी तुमच्या घरी कितीदा डबा पाठवलाय ते तुम्हाला ठाऊक. किंवा काकूंच्या पोरालाच बसवा, शीट त्यांची, दोरा त्यांचा, शिकवणं तुमचं. तिसरा रस्ता मात्र घेऊ नका: पन्नासला "हो" म्हणायचं, मनातून चिडायचं, आणि मग पाच जणींची ऑर्डर त्याच भावात अंगावर घ्यायची. गावात एकदा भाव पडला की तो फक्त तुमचा पडत नाही. उद्या दुसऱ्या पोरीनं शंभर मागितले तर तिला ऐकवतात, "अमकी तर पन्नासात करते." बाईच्या हातकामाला "बसल्या बसल्या केलं" म्हणायची सवय आहे आपल्याकडे. धानाची रोवणी वाकून होते म्हणून तिची मजुरी मोजतात, आणि सुई बसून चालते म्हणून तिची मोजायची नाही, हे मला पटत नाही.

आणि सगळंच विकायला काढू नका, हेही सांगते. इन्स्टावर पेज उघडलं की नंदीची झूल ही नंदीची झूल राहत नाही, "कंटेंट" होते. आधी दहा-बारा वस्तू स्वतःसाठी, घरच्यांसाठी करा.

गोंड्यांचं राहिलंच. दोन बोटं जुळवून त्यांवर दोरा तीसेक वेळा गुंडाळा, इथे मात्र सहाही पदर घ्या. वरून एका दोऱ्यानं बांधा, बोटांतून काढा, वरच्या टोकाखाली पाच मिलिमीटरवर घट्ट गुंडाळून गाठ मारा, खालचं टोक कापा. झुलीच्या चार कोपऱ्यांना चार. लाकडाला फेल्ट घसरतं, म्हणून झुलीच्या आतून दोन नाड्या लावून नंदीच्या पोटाखाली बांधा. डिंकानं चिकटवू नका, पुढच्या वर्षी नंदीला दुसरी झूल घालायची असते. मळली तर ओल्या फडक्यानं टिपा, बादलीत बुडवू नका.

उरलेली पावणेसहा सेंटिमीटरची पट्टी फेकू नका, मटाटी करा, आणि तरी उरलं तर त्याचं सुया खोचायचं पुस्तक करा. दोन चौकोन, मध्ये घडी, पाठीला चार टाके. रात्री शिवायला बसाल तेव्हा सुया मोजून बसा आणि मोजून उठा. लहान भाऊ त्याच गादीवर झोपतो.

झुलीचे फोटो पाठवा, नंदीच्या नावासकट. पुढच्या भागात सावरीच्या कापसाबद्दल बोलू, उशीत भरतात तो. भेटू या.